झाड काढावे

आमच्या साहेबांना गवताचा त्रास होतो. म्हणजे गवत पाहून कंटाळा येतो असं नव्हे, खरोखरचा त्रास. नाक लाल होतं, डोळे गळायला लागतात आणि सलग अकरा शिंका येतात. अकरा मी मोजलेल्या आहेत. फुलांनी होतो, परागांनी होतो, ओल्या मातीच्या वासानंही होतो. आता अशा माणसाला नगरपालिकेनं कुठल्या खात्याचा प्रमुख करावा? उद्यान खात्याचा. त्यामुळे शहरातल्या सहाही बागा साहेब बंद खिडक्यांच्या केबिनमधून, नुसते फोटो पाहून चालवतात. माळ्यांनी काम करायचं, त्याचा फोटो माझ्याकडे पाठवायचा, मी तो छापून फाइलला लावायचा आणि साहेबांनी त्यावर 'पाहिले' असं लिहून सही ठोकायची.

मी त्या खात्यात चौदा वर्षं कारकून आहे. साहेब तोंडी सांगतात, मी त्याचं पत्र करते. व्याकरण माझं, सही त्यांची. आजवर कधी बिनसलं नव्हतं.

या वर्षी साहेबांच्या डोक्यात सुधारणा शिरली. 'उद्यान सुधारणा आराखडा' नावाची निळी फाइल तयार झाली आणि पहिला नंबर लागला तीन नंबरच्या बागेचा. गवत जाऊन फरशी येणार. रंगीत कारंजं येणार. पोट फाडलेल्या सशाच्या आकाराची कचरापेटी येणार. आणि बागेच्या मधोमध येणार सिमेंटचं झाड, उंची पंधरा फूट, हिरवा रंग. त्यापुढे कारण लिहिलं होतं, 'नागरिकांत निसर्गाची आवड निर्माण व्हावी म्हणून'. हे वाक्य मीच टाइप केलं आणि टाइप करताना मी हसले नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

अडचण एकच होती. मधोमध आधीच एक झाड होतं.

हे झाड म्हणजे एक नमुना आहे. आमच्या वृक्षनोंदणीत प्रत्येक झाडाची जात लिहिलेली आहे. याच्यापुढे 'इतर' असं लिहिलंय. कुणी लावलं, कुणाला ठाऊक नाही. सरळ वर जायचं सोडून ते कमरेतून वाकलंय आणि त्याची एक जाडजूड फांदी जमिनीपासून हातभर उंचीवरून आडवी गेलीय. लोकांनी बसून बसून ती फांदी अशी गुळगुळीत केलीय की बाकड्यावर कुणी बसतच नाही. बाकडी रिकामी आणि फांदीवर जागा मिळवायला भांडणं, अशी तीन नंबरच्या बागेची तऱ्हा.

या झाडाशी माझा संबंध काय, ते आता खरं सांगते. झाडांबद्दल मला विशेष प्रेम नाही. चौदा वर्षं त्यांचे फोटो फाइलला लावून ते आटून गेलं. पण त्या फांदीवर रोज साडेचार ते साडेसात माझे सासरे बसतात, आणि हे तीन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यांत मौल्यवान तास आहेत. त्यातला पहिला माझा ऑफिसातच जातो. राहिले दोन.

बाबा म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेतल्या पोरांच्या रेघा सरळ केल्या आणि निवृत्त झाल्यावर माझ्या घरातल्या करायला घेतल्या. पायपुसणं दाराला काटकोनात हवं. चमचे एका रेषेत हवेत. भिंतीवरच्या तसबिरी दिवसातून दोनदा जाग्यावर आणायच्या, आणि त्याही एक डोळा मिटून. परवा दोरीवर मी कपडे वाळत घातले तर खालून वर बघून म्हणाले, "सूनबाई, क्षितिज कलंडलंय." दोरी सैल झाली होती एवढंच. माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही, पण दोन खोल्यांच्या घरात सतत कुणीतरी एक डोळा मिटून आपल्याकडे बघतंय, हे सहन करायला फार मोठं मन लागतं. माझं मध्यम आहे. आमचे हे छापखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, त्यामुळे त्यांचं मन मोठं राहिलंय.

तर साडेपाचला मी घरी येते तेव्हा बाबा बागेत असतात. मी चप्पल काढते, मुद्दाम वाकडीतिकडी. चहा करते. गॅलरीत वेताची खुर्ची ओढते, समोर प्लास्टिकचं स्टूल ठेवते, स्टुलावर दोन्ही पाय टाकते आणि काहीही करत नाही. आमची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर. समोर रस्ता, पलीकडे बागेचं कुंपण आणि त्या झाडाचा शेंडा दिसतो. खाली बसलेली माणसं दिसत नाहीत, पानं आड येतात. तेच बरं आहे. मग कधीतरी जिवावर आल्यासारखं उठते, आत जाऊन कांदा चिरायला घेते, आणि पाच मिनिटांत बेल वाजते. हे रोजचं. मला सुखानं एक कांदाही चिरू देत नाहीत, टपूनच बसलेले असतात, असं मी आजवर निदान शंभर वेळा नवऱ्याला सांगितलं असेल.

आता हे झाड गेलं आणि फरशी आली, तर बाबा कुठे बसणार? सशाच्या पोटात? ते घरीच बसणार. चोवीस तास. एक डोळा मिटून.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि आदेश सांगायला घेतला. मी लिहून घेतलं, 'उद्यान क्रमांक तीनमधील मध्यभागी असलेले मोठे झाड सात दिवसांत तोडावे.'

साहेब एकदम खुर्चीत पुढे सरकले. "तोडावे नको. तोडावे खोडा."

"का साहेब?"

"तोडायचं म्हटलं की वृक्ष समिती आली. समिती म्हटलं की हरकती आल्या, सुनावणी आली, आणि त्या मोठ्या चष्म्याच्या बाई आल्या. मागच्या वेळी एका फांदीसाठी त्यांनी मला चार महिने नाचवलं."

"मग 'कापावे' लिहू?"

"तेही नियमात आहे."

"उपटावे?"

"अहो, तेही आहे! त्या लोकांनी एक शब्द शिल्लक ठेवलेला नाही." साहेबांनी डोळे मिटून विचार केला, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मला वाटलं बढती मिळाली. "काढावे. काढावे लिहा. काढावे कुठल्याच नियमात नाही."

"साहेब, त्या झाडावर लोक बसतात हो."

"सिमेंटच्या झाडावर पण बसतील. लिहा."

मी लिहिलं. 'मोठे झाड सात दिवसांत काढावे. झाड काढल्याचा फोटो सोबत जोडून या कार्यालयास सादर करावा.' साहेबांनी तो शब्द बोटानं दोनदा चाचपून पाहिला आणि सही केली. स्वतःवर इतका खूश झालेला माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी खुर्ची, स्टूल, चहा, सगळं जिथल्या तिथे होतं, पण जीव लागेना. समोर तो शेंडा हलत होता आणि मला सात दिवसांनंतरच्या संध्याकाळी दिसत होत्या. लवकरच उठले. कांदा घेतला. बेल वाजली.

जेवायला बसल्यावर मी सांगून टाकलं. "बाबा, तुमच्या बागेतलं ते झाड काढायचं ठरलंय."

त्यांनी ताटाशेजारचा चमचा सरळ केला. "कशावर?"

"कशावर म्हणजे?"

"कागदावर की भिंतीवर?"

म्हटलं, झालं, वयानं गाठलं. मी आवाज मऊ केला. "बाबा, काढायचं म्हणजे तसं नाही हो. काढायचं म्हणजे..."

"बत्तीस वर्षं मी वर्गात जाऊन एकच वाक्य बोललो," ते म्हणाले. "मुलांनो, झाड काढा. एकाही कार्ट्यानं कुऱ्हाड आणली नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते ताटाकडे बघत होते, पण मिशीचं डावं टोक हलत होतं. नऊ वर्षांत ती मिशी मी कधी हलताना पाहिली नव्हती.

"आदेशात शब्द काय आहे? तोडावे?"

"नाही. साहेबांनीच खोडायला लावला. काढावे आहे."

"लेखी?"

"लेखी. सही, शिक्का, तारीख."

"आणि काढल्याचा फोटो मागितलाय?"

"सोबत जोडायचा."

"जोडू की," बाबा म्हणाले आणि त्यांनी आणखी भाजी वाढून घेतली.

"बाबा, माझ्या नोकरीवर येईल."

"तुझ्यावर काय येणार? तू सांगितलं तसं लिहिलंस. कारकून जर साहेबांच्या शब्दाचे अर्थ काढत बसला तर कार्यालय चालेल का?"

मीही आणखी भाजी घेतली.

मंगळवारी आदेश बागेत पोचला. तीन नंबरच्या माळ्याला सगळे कात्रीकाका म्हणतात, कारण फांद्या छाटायची कात्री त्यांच्या कमरेला कायम असते. दवाखान्यातही ती घेऊन जातात. फरशी झाली की गवत नाही, आणि गवत नाही तर माळी कशाला, एवढं त्यांना न सांगता कळत होतं. बाबांनी त्यांना आदेश वाचून दाखवला, दोन वेळा, शब्दावर बोट ठेवून. त्यावर कात्रीकाका म्हणाले म्हणे, "मास्तर, मला तर साधं फूलपण काढता येत नाही."

"तुम्ही रंग कालवा," बाबा म्हणाले. "काढायचं मी बघतो."

भिंत पंपाच्या खोलीची निवडली. लांबरुंद, कोरी, रस्त्याकडे पाठ. रंग बागेतलेच: बाकड्यांचा हिरवा, कुंपणाचा पिवळा, फाटकाचा काळा आणि वाफ्यांच्या विटांचा लाल. एवढ्यात झाड होईल का, असं मी विचारलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी पुन्हा रंगांबद्दल तोंड उघडलं नाही. ते आता साडेचारला नव्हे, सकाळी नऊलाच बाहेर पडायला लागले. जाताना पायपुसणं वाकडं राहिलं तरी लक्ष नसायचं. दुपारचा डबा मी ऑफिसला जाताना फाटकावर कात्रीकाकांच्या हाती द्यायची. माझी सकाळही मोकळी झाली, हा वरकड फायदा.

बुधवारी साहेबांनी केबिनच्या दारातून विचारलं, "तीन नंबरचं काम सुरू झालं का?"

"हो साहेब. खोड झालं."

"खोड?" साहेब थबकले. "खोड आधी?"

"माळी म्हणतात आधी खोड, मग फांद्या, पानं सगळ्यांत शेवटी."

"उलटं नाही का ते? आधी फांद्या काढतात ना?"

"ज्याची त्याची पद्धत असते साहेब."

साहेब विचारात पडले, पण बागेत जाऊन बघण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. गुरुवारी त्यांनी परत विचारलं. मी म्हटलं, फांद्या बऱ्याचशा काढून झाल्या, आता पानं चाललीत.

"पानांना कशाला वेगळा वेळ?"

"पानांनाच जास्त लागतो म्हणतात. एकेक काढतायत."

"एकेक?" साहेबांचा आ वासला. "हातानं?"

"हातानंच. मास्त... माळी फार मन लावून करतायत."

"अशी माणसं हवीत," साहेब भारावून म्हणाले, आणि कात्रीकाकांच्या नावानं प्रशंसापत्र तयार करायला सांगितलं. ते मी त्याच दिवशी टाइप केलं आणि सही घेऊन ठेवली, न जाणो पुढे मूड बदलला तर.

आमच्या खात्यात तसं सगळेच काही ना काही काढत असतात. कुणी तण काढतो, कुणी आदेश काढतो, कुणी रजा काढतो, आणि दुपारच्या चहाला सगळे मिळून गैरहजर माणसाची उणीदुणी काढतात. पण त्या आठवड्यात तीन नंबरच्या बागेत जे काढणं चाललं होतं त्याला तोड नव्हती. रोज संध्याकाळी बघ्यांची गर्दी. फांदीवरचे नेहमीचे बसणारे आता फांदीवर बसून सूचना करायला लागले होते. बाबा कुणाचं ऐकत नव्हते. घरी यायचे तेव्हा हातावर हिरवं, कानावर पिवळं, आणि जेवताना चमचा कसाही पडलेला. मी तो गुपचूप सरळ करायची.

सातव्या दिवशी, सोमवारी, कात्रीकाका स्वतः फोटो आणि पत्र घेऊन आले. पत्र बाबांच्या अक्षरात होतं, देखणं, मोत्यासारखं. 'आदेशाप्रमाणे झाड काढले आहे. फोटो सोबत जोडला आहे.' खाली कात्रीकाकांची सही. मी ते निळ्या फाइलला लावलं, फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर येऊन बसले. नोकरी गेली तर नवऱ्याला काय सांगायचं, ते मी तेव्हा पहिल्यांदा ठरवायला घेतलं.

चार मिनिटांनी बेल. आत गेले.

"हे काय आहे?"

"फोटो साहेब."

"यात तर झाड आहे!"

"हो साहेब. काढलेलं."

"अहो काढलेलं असतं तर दिसलं असतं का?"

"काढलंय म्हणूनच दिसतंय साहेब."

साहेबांनी चष्मा पुसला. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग त्यांचा रंग बदलत गेला, कारण काढलेल्या झाडाच्या शेजारी, पंपाच्या खोलीच्या छपराच्या वर, न काढलेल्या झाडाचा शेंडा मजेत डोलत होता.

"गाडी काढा," साहेब म्हणाले. या एका बाबतीत कुणाचा गैरसमज झाला नाही.

अकरा वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी बागेत पाऊल टाकलं ते असं. एक रुमाल नाकावर, एक हातात. फाटकातून आत शिरताच चार शिंका झाल्या, पायवाटेवर आणखी तीन. पंपाच्या खोलीसमोर तीसएक माणसं होती. बाबा फांदीवर बसले होते, हात धुतलेले, सदरा इस्त्रीचा. साहेब गर्दीतून वाट काढत भिंतीपुढे गेले आणि उरलेल्या चार शिंका देऊन थांबले. डोळे पुसले. समोर हिरवं, पिवळं, काळं, लाल असं ते वाकलेलं झाड अख्ख्या भिंतीवर पसरलं होतं.

मग ते कात्रीकाकांकडे वळले. "हे कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

कात्रीकाकांनी खिशातून आदेश काढला. घडी उलगडली. शब्दावर बोट ठेवलं. "तुम्हीच की साहेब."

"अरे, मला तोडायचं..."

"काय तोडायचं?" शेजारून आवाज आला.

गर्दीत एक बाई चित्राकडे टक लावून उभ्या होत्या. आता त्यांनी मान वळवली. चष्मा इतका मोठा की त्यात साहेब पूर्ण मावले होते. वृक्ष समितीच्या बाई रोज याच बागेत फिरायला येतात. साहेब कधी आलेच नसल्यानं त्यांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"काय तोडायचं म्हणत होता साहेब?" बाईंनी परत विचारलं. मी निळी फाइल पोटाशी धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कात्रीकाकांकडे पाहिलं, आदेशावरच्या स्वतःच्या सहीकडे पाहिलं. तोडायचं होतं म्हणावं, तर समितीला वगळलं हे आपल्याच तोंडानं कबूल करावं लागणार. नव्हतं म्हणावं, तर झाड राहणार. मला त्यांची दया आली. थोडी.

"तोडीस... तोडीस तोड!" साहेब म्हणाले. "तोडीस तोड झालंय, असं म्हणत होतो. खरं झाड आणि हे झाड. अगदी तोडीस तोड."

बाईंनी क्षणभर त्यांना त्या चष्म्यातून निरखलं. "कल्पना कुणाची?"

"कार्यालयाची," साहेब म्हणाले.

मग टाळ्या झाल्या. साहेबांनी रुमालासकट नमस्कार केला. बाबा फांदीवरून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते आणि मिशीची दोन्ही टोकं हलत होती. समितीच्या बाई म्हणाल्या, चित्र आणि झाड शेजारी-शेजारी आहेत हीच तर खरी मजा, आता या झाडाला धक्का लागता कामा नये. समितीकडे तसं नोंदवून घेते, असंही म्हणाल्या. त्यांनी लगेच पर्समधून वही काढली आणि 'इतर'चा नोंदणी क्रमांक लिहून घेतला. फरशीचं पुढे बघू, असं साहेब गाडीत बसताना मला म्हणाले. म्हणजे फरशी गेली.

सिमेंटचं झाड मात्र ओतून तयार होतं. ते आता आमच्या कार्यालयाच्या दारात उभं आहे आणि साहेब येता-जाता त्याच्यावर प्रेमानं हात ठेवतात. सिमेंटला पराग नसतात. निसर्गाची आवड निर्माण व्हायला कुठून तरी सुरुवात व्हावीच लागते.

पण मी सांगत होते त्या संध्याकाळचं. गर्दी पांगली. बाबांना चारपाच जणांनी घेरलं होतं. मी इतके दिवस फक्त फोटो पाहिले होते, वीतभर लांबीचे. म्हणून मग भिंतीच्या अगदी जवळ गेले. पानं खरोखर एकेक काढली होती. पानांच्या मधल्या एका फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता, रस्त्यापलीकडे एक इमारत. काडेपेटीएवढी. तिसऱ्या मजल्यावर गॅलरी. गॅलरीत कलंडलेली दोरी, दोरीखाली खुर्ची, खुर्चीत एक बाई. तिचे दोन्ही पाय स्टुलावर होते.

मी एक डोळा मिटून पाहिलं. मीच होते.

"मास्तरांनी ते सगळ्यांत आधी काढलं," कात्रीकाका मागे येऊन उभे राहिले होते. "खोडाच्या पण आधी. म्हटले, झाड कुठून बघायचं ते आधी ठरलं पाहिजे."

"इथून आमची गॅलरी दिसते?"

"फांदीच्या त्या टोकाला बसलं की दिसते. म्हणून तर ते तिथेच बसतात. दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत." कात्रीकाका कात्रीची स्प्रिंग दाबत बोलत होते. "मी म्हणतो, मास्तर, गार वारं सुटलं, गुडघे धरतील, जा आता घरी. तर म्हणतात, थांब रे, अजून पाय वर आहेत. दिवसभर राबून आलीय. पाय खाली आले, ती आत गेली, की मग उठतात. मागे एकदा तुम्ही झोपला होता वाटतं खुर्चीत. आठ वाजले. पाऊस भुरभुरायला लागला तरी उठेनात."

मला आठवलं. त्या दिवशी ते ओले होऊन आले होते आणि दारात पाणी सांडलं म्हणून मी चिडले होते. मी त्या काडेपेटीएवढ्या बाईकडे पाहत राहिले. मला भयंकर लाज वाटली, आणि रडायला आलं, ते मी कात्रीकाकांपासून लपवायला रुमाल शोधला तर हातात निळी फाइल.

"सूनबाई," बाबांनी फांदीवरून हाक मारली, "तू हो पुढे. बस जरा निवांत. मी येतो सावकाश."

मी घरी आले. चप्पल काढली, सरळ ठेवली. चहा दोन कप केला. गॅलरीत खुर्ची ओढली, बसले आणि सवयीनं पाय स्टुलावर टाकले. समोर शेंडा हलत होता. सहाला पाच मिनिटं कमी होती. मी शेंड्याकडे नीट बघितलं आणि दोन्ही पाय खाली ठेवले. मग उठून आत गेले.

बेल वाजली.

"इतक्यात उठलीस?" बाबा दारातच म्हणाले. धाप लागली होती. "काय झालं? बरं नाही का?"

"चहा गार होतोय," मी म्हटलं. "आणि न्हाणीघरातलं दुसरं स्टूल घेऊन गॅलरीत या."

ते स्टूल घेऊन आले. माझ्या स्टुलाशेजारी ठेवलं, मागे सरले, एक डोळा मिटला आणि वाकून माझं स्टूल दोन बोटं डावीकडे सरकवलं. मी त्यांचा कप पुढे केला. त्यांनी दोरीकडे पाहिलं, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बसून दोन्ही पाय स्टुलावर टाकले.